उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास मागे का वळू नये?

प्रश्न
मी सेसना 172 या छोट्या एक-इंजिनी विमानावर प्रशिक्षण घेत असून पहिले सोलो (एकट्याचे) उड्डाण आता जवळ आले आहे. चढताना इंजिन बंद पडले तर समोरच उतरायचे, मागे वळायचे नाही, असे आमचे प्रशिक्षक वारंवार बजावतात. परंतु हे विमान इंजिनाविना हजार फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल जाते. मग 500 फुटांवर पाऊण मैल हाताशी असताना मोकळी धावपट्टी सोडून समोरच्या शेतात का उतरावे?

पहिले उत्तर
आपला हिशेब सरळ रेषेचा आहे. वळणाचा खर्च त्यात धरलेलाच नाही. 180 अंश वळल्यावर विमान धावपट्टीच्या रेषेत नव्हे, तर तिच्या बाजूला समांतर येते, म्हणून आधी साधारण 225 अंश आणि मग उलट दिशेने 45 अंश वळावे लागते. 70 नॉट वेगाने आणि 30 अंशांच्या बँकने (पंख तेवढे कलवून) एवढे वळायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यातच साडेचारशे ते पाचशे फूट उंची संपते. शिवाय इंजिन गेले हे मनाला पटेपर्यंतचे तीन-चार सेकंद वेगळेच. बँक 45 अंश केल्यास वळण लवकर आटोपते खरे, पण स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला पुरेसे उचलून धरू शकत नाहीत तो) सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो आणि 60 अंशांना 41 टक्क्यांनी. त्यात समोरून येणारा वारा आता पाठीवर असतो, जमीन वेगाने सरकताना दिसते, आणि वेग पुरेसा आहे असे वाटून वैमानिक नकळत नोज (विमानाचे नाक) वर ओढतो. जमिनीलगत स्टॉल होऊन विमान गिरक्या घेऊ लागले, की सावरायला उंचीच उरत नाही. त्यापेक्षा ताब्यातले विमान कमी वेगाने शेतात उतरवणे कितीतरी बरे; विमान मोडेल, माणूस बहुधा वाचेल.

दुसरे उत्तर
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र त्याआधीची एक गोष्ट राहिली. चढताना नोज वर असते, त्यामुळे इंजिन थांबताच वेग झपाट्याने घसरतो. म्हणून सर्वांत आधी नोज ठामपणे खाली करावे. 172 एस या प्रकाराच्या पुस्तिकेत यासाठी फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना 70 आणि खाली असताना 65 नॉट वेग दिला आहे. मग डावी-उजवीकडे थोडेच वळून मोकळी जागा निवडावी. वेळ उरलाच तर मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचे नियंत्रण), इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) आणि शेवटी मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) बंद करून दाराची कडी काढून ठेवावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग किती उंचीनंतर वळण्याचा विचार करावा?

पहिले उत्तर देणारे
सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही, कारण वजन, वारा आणि तापमान रोज बदलते. प्रशिक्षकांसोबत सुरक्षित उंचीवर हे वळण करून किती फूट गेले ते मोजा, त्यात भरपूर भर घाला आणि ती मर्यादा थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे करण्यापूर्वी मोठ्याने म्हणा. फक्त ती आल्टिमीटरच्या (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यात म्हणा: धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,900 फुटांवर असेल, तर जमिनीपासूनचे 1,000 फूट तिथे 2,900 दिसतात आणि ऐन वेळी ही बेरीज सुचत नाही.