गोषवारा, सारांश की ‘कार्यकारी सारांश’?

प्रश्न : तासगावजवळ बेदाणा धुऊन, प्रतवारी करून पॅकिंग करण्याचा उद्योग आमचा बचत गट सुरू करत असून त्याचा प्रकल्प अहवाल मी मराठीत लिहीत आहे. पहिल्या पानावरील ‘एक्झिक्युटिव्ह समरी’ला ‘कार्यकारी सारांश’ म्हणावे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : ताई, हा शब्द रूढ आहे खरा, पर्यावरणविषयक जनसुनावणीच्या मराठी कागदपत्रांवरही तो छापलेला असतो. तरीही मला तो पटत नाही. ‘कार्यकारी’ म्हटले की आपल्याला कार्यकारी अभियंता किंवा कार्यकारी मंडळ, म्हणजे काम चालवणारे कोणीतरी आठवते. इंग्रजीतले ते विशेषण मात्र मजकुराकडे नव्हे, तर वाचणाऱ्याकडे बोट दाखवते : सगळा अहवाल वाचायला ज्याला सवड नाही, पण होकार-नकार ज्याच्या हाती आहे, असा माणूस.

‘सारांश’ चूक नाही. पण शाळेत आपण उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहीत असू, त्यात मूळ मजकुराचा क्रम आणि तोल सांभाळावा लागे. येथे तसे नसते. यंत्रांची दहा पाने एका ओळीत आटोपतात आणि भांडवलाचा आकडा अगदी वर येतो.

म्हणून मी ‘गोषवारा’ सुचवेन. फारसीत या शब्दाचा अर्थ कानातला दागिना. आपल्याकडे तो जमाखर्चाबरोबर नांदला, त्यामुळे गोषवारा म्हटले की वाचणारा आकड्यांचीच अपेक्षा करतो. माझ्या बहिणीने हळद भुकटीच्या उद्योगासाठी दिलेल्या अहवालाचे पहिले पान सांगलीच्या हळदीची ख्याती आणि २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन यांनीच भरले होते. बँकेतील अधिकारी हातात पेन्सिल घेऊन ‘तुमचे स्वतःचे किती?’ एवढेच शोधत राहिले, आणि ते होते चौदाव्या पानावर. पुढे तिने सुरुवातच अशी केली : ‘एकूण खर्च २० लाख रुपये, स्वतःचे २ लाख, बँकेचे कर्ज १८ लाख, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, म्हणजे ७ लाखांचे अनुदान अपेक्षित.’ हळदीची थोरवी तिसऱ्या परिच्छेदात गेली.

आपणही चार किलो द्राक्षांमागे साधारण एक किलो बेदाणा हा हिशेब, कच्चा माल कोठून येणार आणि हप्ता कशातून फिटणार, हे त्या एका पानात बसवावे. पान पहिले असले तरी ते सर्वांत शेवटी लिहावे, म्हणजे आतील आकड्यांशी ते जुळेल.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मग ‘प्रस्तावना’ म्हटले तर?

उत्तर : तसे नको. प्रस्तावना वाचकाला पुढच्या पानांकडे नेते. गोषवारा मात्र पुढची पाने न उलटताही पुरा पडला पाहिजे.