पार्व्होतून पिल्लू बाहेर काढलंय? अनुभव लिहा

आमची कुत्री चिंगी अडीच महिन्यांची, काल पार्व्हो (पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा व्हायरस) पॉझिटिव्ह निघाली. सलाईन चालू आहे. ज्यांचं पिल्लू यातून गेलंय त्यांनी प्लीज लिहा, घरी काय केलंत, खायला कधी दिलंत. घाबरवणारं असलं तरी चालेल, खरं लिहा.

---

आमचा बंड्या ६ दिवस सलाईनवर होता, सकाळ-संध्याकाळ रिक्षाने दवाखान्यात, पायातली सुई चावू नये म्हणून वर पुतण्याचा मोजा चढवलेला. पहिल्या दिवशी आम्ही येडेपणा केला, इलेक्ट्रॉल पाजत राहिलो आणि तो ओकत राहिला. डॉक्टर वैतागले, म्हणाले आधी उलटी थांबवायचं इंजेक्शन, ते लागू पडलं की मग चमचा चमचा. या व्हायरसवर नेहमीचं असं थेट औषध नसतंच म्हणे, अँटिबायोटिक देतात ते आतडं सोलवटून जंतू रक्तात शिरतात त्यासाठी, आणि पांढऱ्या पेशी पण पडलेल्या असतात. बाकी सगळी लढाई पाण्याची. चौथ्या दिवशी त्याने माझी चप्पल ओढली, तेव्हा मी तिथेच रडले.

---

अंग गार पडलं, मान टाकली तर साखर उतरलेली असू शकते. हिरड्यांना मध चोळा आणि पळा, सकाळची वाट बघू नका.

---

आमचं दोनातलं एक गेलं. टेस्ट आधी निगेटिव्ह आली म्हणून काहीतरी खाल्लं असेल समजून आम्ही एक दिवस घालवला. रक्ताच्या शीचा तो वास अजून नाकात आहे.

---

फिनेलवर विसंबू नका!! आधी शी उचलून साबणाने धुवा, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाणी, १० मिनिटं तसंच ठेवा. फिनेल, ॲसिड त्यात मिसळायचं नाही. अंगणातल्या मातीत हा व्हायरस वर्षभर पण टिकतो, तेव्हा लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका.

---

एक डोस झाला होता तरी झाला आमच्याला. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज लशीलाच चालू देत नाहीत, म्हणून दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्याला बागेत कशाला फिरवलं असतं.

---

धागाकर्ती: सगळ्यांना थँक्यू. रात्रीपासून उलटी नाही, शी अजून लालच आहे. डॉक्टरांना विचारून उकडलेल्या चिकनचं पाणी दिलं, बिनमिठाचं, २ चमचे. अर्धा तास झाला, अजून पोटात आहे.