आयरिश कवयित्रींनी इतिहासाची पोकळी भरली की झाकली?

काळी शाई: 'आयर्लंडमधल्या स्त्रियांचा इतिहास कवितेनं उजेडात आणला' हे वाक्य मला पटत नाही. ईव्हन बोलँडची 'क्वारंटाइन' घ्या. १८४७चा हिवाळा, दुष्काळ. वर्कहाउसमधून (कंगालांसाठीच्या सरकारी आश्रयगृहातून) निघालेला नवरा तापानं फणफणलेल्या बायकोला पाठीवर घेऊन उत्तरेकडे चालतो. सकाळी दोघंही मेलेली सापडतात, तिची पावलं त्याच्या छातीशी धरलेली. कविता थोर, वाद नाही. पण बाई कोण, कुठल्या गावची? तिच्या मरणातून शेवटी दिसतं ते नवऱ्याचं प्रेम!

पानगळ: नाव ठाऊक नसताना बोलँड ते रचत नाही, तिच्या तोंडी एक वाक्यही घालत नाही. हा संयम आहे, उणीव कसली? पॉला मीहनही हेच पथ्य पाळते. ३१ जानेवारी १९८४ला ग्रॅनार्ड गावात येशूची आई मेरी हिच्या पुतळ्यापाशी पंधरा वर्षांची ॲन लव्हेट एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, मग तीही. मीहनच्या कवितेत बोलतो तो पुतळा. आधी वारा, मे महिना, लग्नं, मयतं असं बरंच बोलून झाल्यावर तो मुलीकडे येतो आणि कबूल करतो, ती हाका मारत होती, मी बोटही हलवलं नाही. मुलीला बोलतं केलं असतं तर वाचक हळहळून मोकळा झाला असता. इथे दोष पाहणाऱ्यावर येतो.

दप्तरदार: मान्य, पण आधी दप्तर, मग कविता. चूम गावच्या माता-बाल गृहात (अविवाहित मातांसाठी नन्स चालवत ते, १९२५ ते १९६१) मेलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी नोंदणी कार्यालयातून मिळवल्या. किंबर्ली कँपानेलोचं ७९६ पानांचं काव्य त्यानंतरचं, २०१९चं. यादीच नसती तर पानं कशावरून मोजली असती?

पानगळ: आणि दप्तरच खोटं असेल तर? १९९३, डब्लिनचं हाय पार्क, म्हणजे मठाची मॅग्डलेन लाँड्री; 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना कोंडून त्यांच्याकडून फुकट धुणी धुऊन घेत, ती. मठातल्या नन्सनी जमीन विकली, म्हणून लाँड्रीतल्या बायकांच्या कबरी उकरायच्या होत्या. परवानगी १३३ देहांची, निघाले १५५! कित्येकींचे मृत्यूचे दाखलेच नाहीत, काहींची खरी नावंही नाहीत, नुसती मठात दिलेली. अस्थी डब्लिनच्याच ग्लासनेव्हिन दफनभूमीत पुरल्या. एलेन नी क्विलनॉनची कविता त्याच पुनर्दफनावर आहे: वाफ, किल्ल्या, आणि ते तात्पुरतं नाव धुऊन टाकणारी बाई. कविता २००१च्या संग्रहात आली, या लाँड्र्यांबद्दल सरकारची माफी २०१३ला.

काळी शाई: माफी कवितेमुळे आली का? वाचलेल्या बायकांच्या साक्षी, 'जस्टिस फॉर मॅग्डलेन्स' या गटाचा पाठपुरावा आणि २०११ला संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं मागितलेली चौकशी, यांमुळे आली. कवितेला ते श्रेय देऊ नका.

दप्तरदार: श्रेयाचं सोडा, संपादकांचं बघा. १९९१चा आयरिश साहित्याचा तीन खंडांचा 'फील्ड डे' संग्रह आला, त्यात बायका इतक्या कमी की बोंब झाली; मग २००२ला त्यांच्यासाठी चौथा आणि पाचवा असे दोन जाडजूड खंड काढावे लागले. हे सगळं लेखन आधी कुठे होतं? ग्रंथालयांतच, धूळ खात. तिथे ना कल्पनेची गरज होती, ना पुतळ्याची.

पानगळ: हो, पण ॲन लव्हेटनं त्या दुपारी काय हाक मारली, ते कुठल्या ग्रंथालयात आहे?