किचनच्या ड्रॉवरला सागवान की प्लाय? आणि जॉइंट कुठला करायला सांगू?

गोदाकाठ:
पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, किचनचे ड्रॉवर नव्याने करून घ्यायचेत. स्टीलच्या ट्रॉल्या नकोत, खडखड फार होते. आधीचे पार्टिकल बोर्डचे होते ते पावसाळ्यात फुगले आणि पुढची फळी स्क्रूसकट हातात यायला लागली. खालच्या खणात कुकर, खलबत्ता असलं जड सामान असतं. मिस्त्री म्हणतो प्लाय, सासरे म्हणतात सागवानच. काय करू?

रंधा:
प्लायच घ्या, पण बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा, आणि आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः बघून. बाजूंना १२ मिमी, तळाला ६, कुकरच्या खणाला तळ ९ चा लावा. पण खरं सांगू का, ड्रॉवर मालापेक्षा जॉइंटमुळे जास्त मोडतो. उघडताना सगळी ओढ पुढच्या फळीवर येते, तिथे समोरून नुसते स्क्रू ठोकले असतील तर ते सरळ उपसून निघतात, पार्टिकल बोर्डात तर लगेचच. म्हणून फळीच्या टोकाला खाच पाडून, फेव्हिकॉल भरून, स्क्रू बाजूच्या फळीतून आत मारायला सांगा, म्हणजे ओढ स्क्रूला आडवी बसते. आधी बारीक ड्रिल मारायलाच लावा, नाहीतर प्लायचे थर फाकतात. आणि तळ खालून खिळ्यांवर अजिबात नको, बाजूंना खोबण पाडून त्यात सरकवायचा.

पंचवटीकर:
सासऱ्यांचंही चूक नाही हो. जुन्या वाड्याचं मुरलेलं सागवान मिळालं तर बाजूंना जरूर वापरा, त्यात डोव्हटेल (पसरट शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवायचा जॉइंट) सुंदर बसतो आणि शेपटीच्या आकारामुळे पुढे ओढून निघतच नाही. प्लायमध्ये मात्र डोव्हटेलच्या भानगडीत पडू नका, कडेचे थर उडतात. सागवान तेलकट असतं, रंधा मारल्या मारल्या ग्लू लावला तरच नीट धरतो. तळ तरीही प्लायचाच ठेवा, अखंड लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, चिकटवून टाकलं तर तडकतं नाहीतर जॉइंट उघडतं.

गोदाकाठ:
मस्त माहिती, दोघांनाही धन्यवाद. चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, कुठली घेऊ? मिस्त्री म्हणतो बॉक्स झाल्यावर बघू.

रंधा:
नाही नाही, चॅनल आधी आणा! टेलिस्कोपिकला (एकात एक सरकणाऱ्या पट्ट्यांचा चॅनल) दोन्हीकडे साधारण १३ मिमी जागा लागते, म्हणजे आतली मोकळी रुंदी ५०० असेल तर बॉक्स बाहेरून ४७४ चा. दोन मिमी जास्त झाला तरी घासत चालतो. कुकरच्या खणाला ४५ किलो वजन पेलणारा घ्या आणि प्लायच्या उघड्या कडांना एजबँड, म्हणजे कडेवर चिकटवायची पट्टी, लावून घ्या, पाणी तिथूनच आत शिरतं.