तिखट बंद केलं तरी रात्री छातीत जळजळ. चुकतंय कुठं?

मंगळवार_पेठ_ताई

मिस्टर ४४ वर्षांचे, वजन ८४ किलो, उंची ५ फूट ६ इंच. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत दुसरी पाळी, दुपारी ३ ते रात्री ११. घरी यायला साडेअकरा, मग जेवण, आणि बारा वाजता पाठ टेकलेली असते. दोन-अडीचच्या सुमाराला छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. उठून बसल्याशिवाय बरं वाटत नाही. आठवड्यातनं चार-पाच रात्री हेच. दिवसा काही नाही.

महिनाभर तिखट पूर्ण बंद केलंय. कांदा-लसूण चटणीचा डबा वर ठेवून दिलाय. रविवारी तांबडा रस्सा नाही, फक्त पांढरा. झोपताना कपभर गार म्हशीचं दूध देते. मेडिकलमधनं आणलेली पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल रात्री जेवण झाल्यावर एक, असं तीन आठवडे चाललंय. तंबाखू दिवसातनं तीन-चार वेळा. कंबरदुखीची गोळी अधूनमधून. एवढं पथ्य करून फरक का नाही?

भाकरी_आमटी (आहारतज्ज्ञ)

ताई, तुम्ही मिरचीला शिक्षा दिली आणि खरा गुन्हेगार पंक्तीत तसाच बसून राहिला.

अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. ते अवेळी सैल पडलं की आम्ल वर येतं आणि छातीत जाळ होतो. सैल पाडणाऱ्यांत स्निग्ध पदार्थ, तंबाखू, दारू, चॉकलेट आणि पिपरमिंट येतात. तट्ट भरलेलं पोट हे आणखी एक कारण. मिरची मुख्यतः आधीच हुळहुळलेल्या अन्ननलिकेला झोंबते. त्यामुळं ती कमी केली ते बरोबरच, पण तेवढ्यानं भागत नाही.

आता पांढरा रस्सा बघा. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, वर तुपाची फोडणी. जिभेला सौम्य लागतो, पण वाटीतला बराचसा ऐवज स्निग्धच. तांबडा सोडून पांढऱ्याच्या दोन वाट्या म्हणजे तिखट गेलं आणि चरबी वाढली. असं जेवण जठरातनं पुढं सरकायला चार तास किंवा जास्तही घेतं. साधं वरण-भात-भाजीचं जेवण त्या मानानं लवकर उतरतं.

म्हशीच्या दुधाचंही तेच. गार दूध घशाखाली गेलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, कारण ते आम्ल तेवढ्यापुरतं मारतं. मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल करायला लावतात, आणि स्निग्धांश जठर रिकामं होऊ देत नाही. गंगावेशीतलं धारोष्ण दूध उभ्यानं प्यायची हौस असेल तर संध्याकाळी जाऊन प्यावी, झोपताना नको.

मोठी चूक वेळेची. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं जवळजवळ थांबतं, त्यामुळं वर आलेलं आम्ल धुऊन खाली जात नाही. आडवं झाल्यावर गुरुत्वाकर्षणाचीही मदत नाही. साडेअकराला भरपेट आणि बाराला आडवं, मग दोन वाजता जाग येणारच. शेवटचं मोठं जेवण आणि झोप यात ३ तास पाहिजेत.

पाळी बदलता येत नाही, जेवण मागं-पुढं सरकवता येतं:

दुपारी साडेबारा-एक: दिवसाचं मोठं जेवण हेच. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, काकडी. कच्चा कांदा महिनाभर नको. मटण-अंडी खायची तर याच जेवणात.

रात्री साडेसात-आठ: पाळीतल्या जेवणाच्या सुट्टीत डबा. दोन चपात्या किंवा दीड भाकरी, दोडका, दुधी, पडवळ, घेवडा, भेंडी यातली कमी तेलाची भाजी, थोडा भात. रात्रीचं जेवण हेच समजायचं.

रात्री साडेअकरा: फक्त भूक मोडायची. वाटीभर मूगडाळीची मऊ खिचडी, किंवा ज्वारीच्या कण्या, किंवा एक केळं. वाटी म्हणजे १५० मिली, वाडगा नव्हे. नंतर पाऊणपर्यंत बसून राहायचं, आणि भांडी उचलायला किंवा पलंगाखालची बॅग ओढायला वाकायचं नाही.

चार दिवस ते म्हणतील, घरी येऊन जेवल्यासारखंच वाटत नाही. तिथंच बहुतेक लोक सोडून देतात. पंधरा दिवस रेटा.

पाळीतला चहाही मोजा. रिकाम्या पोटी कडक चहा आणि त्याबरोबर खारी हा प्रकार फार वाईट, खारीच्या प्रत्येक पापुद्र्यात वनस्पती तूप असतं. दिवसाला दोन चहा, तेही काहीतरी खाल्ल्यावर. खारीऐवजी भाजके फुटाणे किंवा ज्वारीच्या लाह्या. भडंग घरी केलं तर चालेल, दुकानातलं तेलानं ओलं असतं.

गोळी_वेळेवर (फार्मासिस्ट)

आहाराचं वर आलंय. मी गोळ्यांवर बोलतो, कारण काउंटरवर रोज हीच चूक दिसते.

पॅन्टोप्राझोल हे पोटात सांडलेलं आम्ल मारणारं औषध नाही. ते रक्तातनं जाऊन जठराच्या पेशींमधले आम्ल सोडणारे पंप बंद करतं, आणि पंप अन्नाच्या चाहुलीनं चालू होत असतानाच ते नीट पकडता येतात. म्हणून गोळी खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची. जेवल्यावर घेतली की बराच उपयोग वाया. मिस्टर सकाळी उठतात तेव्हा पाण्याबरोबर गोळी, आणि पाऊण तासानं नाश्ता. त्रास फक्त रात्रीचा असल्यानं डॉक्टर ती रात्रीच्या डब्याआधीही द्यायला सांगू शकतात, ते त्यांना विचारून ठरवा. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळं 'जळजळलं की एक' अशी घ्यायची ही गोळी नव्हे.

डॉमपेरिडोन जोडलेली कॅप्सूल स्वतःच्या मनानं तीन आठवडे चालवू नका. काही लोकांत त्यानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, आणि सोबत काही अँटिबायोटिक्स किंवा बुरशीवरच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो. साधं पॅन्टोप्राझोलसुद्धा साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स म्हणून देतात. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. एकदम बंद केलं तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं भागतच नाही. कमी कसं करायचं ते डॉक्टर सांगतील.

मधूनच जळजळलं तर चघळायची किंवा पातळ अँटासिड चालतात. बाटली हलवून घ्या, औषध तळाशी बसलेलं असतं. अल्जिनेट असलेलं जेवणानंतर घेतलं तर पोटातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं आणि वर येणारं आम्ल अडवतं. त्यावर लगेच पाणी पिऊ नका. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर अँटासिडपासून लांब ठेवा, थायरॉइडला ४ तासांचं अंतर पाहिजे.

खायचा सोडा किंवा फसफसणारी पावडर रोज नको. अर्धा चमचा सोड्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. रक्तदाबवाल्यांनी तर हातच लावू नये. शिवाय त्याच्या वायूनं पोट फुगतं, ढेकर येतो, आणि ढेकराबरोबर आम्लही.

ताई, कंबरदुखीची गोळी कोणती ते पाकिटावर वाचा. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर ती जठर-अन्ननलिकेच्या अस्तराला इजा करते. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन असेल तर तीही ते कडं सैल करते, पण ती आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. आणि कुठलीही गोळी निजल्या निजल्या घोटभर पाण्यावर नको. भांडंभर पाणी, आणि नंतर अर्धा तास ताठ बसणं. नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथंच जखम करते.

कोकणातला_जावई

एवढी औषधं कशाला? हे पित्त आहे. आमसुलाचं पाणी आणि सोलकढी द्या, दोन दिवसांत उतरतंय बघा.

भाकरी_आमटी

पाहुणं, आपल्या भाषेत 'पित्त' या एका शब्दात तीन वेगळी दुखणी कोंबलीत. अंगावर गांधी उठतात तेही पित्त, डोकं धरून उलटी होते तेही पित्त, आणि छातीत जळतं तेही पित्त. आमसुलाचं पाणी गांधींवर अंगाला लावायची रीत आहे. छातीतल्या जळजळीत आमसूल, लिंबू, चिंच, टोमॅटो हे आंबटच, आणि हुळहुळल्या जागी आंबट लागलं की जास्त चुरचुरतं. सोलकढीत वर नारळाचं दूध. दुपारी अर्धी वाटी पिऊन बघायला हरकत नाही, रात्री नको.

ताक चालतं, पण गोडं, पातळ, लोणी काढलेलं आणि दुपारी. जिरं, बडीशेप चावून खाल्ली तर बिघडत नाही. जेवणावरचं पान मात्र बघून घ्या. त्यातलं 'थंडक' म्हणजे बहुतेक वेळा मेन्थॉल. तोंड गार होतं आणि खाली कडं सैल पडतं.

आणि ताई, तंबाखू सुटल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट राहील. एकदम जमत नसेल तर आधी रात्रीची सोडा, घरी आल्यावर तंबाखूचा बार नाही.

मंगळवार_पेठ_ताई

गोळीची वेळ आजपासनं बदलली. कंबरेची गोळी डायक्लोफेनॅकच निघाली. दोन शंका: उशाला दोन उशा देते तरी फरक नाही, दुसरं काय करता येईल? दिवाण आहे, पाय नाहीत. आणि रविवारचं मटण कायमचं बंद का?

लेथ_आणि_लाकूड

दोन उशांनी फक्त मान आणि खांदे उचलले जातात. माणूस कंबरेत दुमडतो, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. उचलायचं ते कंबरेपासनं डोक्यापर्यंतचं सगळं अंग, सरळ उतारात.

पाय असलेल्या पलंगाला डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे घालतात. आपली वीट पालथी ७-८ सेंटिमीटर भरते, म्हणजे दोन विटा पुरतात. पण फरशीवर विटा सरकतात, म्हणून लाकडी ठोकळ्याला पायाच्या मापाची खोबण पाडून घ्यावी. उद्यमनगरात लेथवर लोखंडी कपही करून देतील, खाली रबर चिकटवायला विसरू नका.

तुमच्या दिवाणाला फोमची पाचर घ्या. गादीवाल्याला माप असं सांगा: रुंदी ६० सेंटिमीटर, लांबी ७० ते ७५, जाड बाजू १८ ते २०, दुसरी बाजू शून्यावर उतरलेली. फोम कडक पाहिजे, मऊ असला तर महिन्यात खड्डा पडतो. वर सुती खोळ, रेशमी-सिंथेटिक नको, माणूस घसरत खाली येतो आणि सकाळी पाचर डोक्याच्या वर एकटीच पडलेली असते. पाचरीवर एक पातळ उशी, बस.

आणि डाव्या कुशीवर झोपवा. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं, आम्ल तोंडाशी साचतं. झोपताना बनियन-लुंगी सैल, पायजम्याची नाडी बेंबीवर करकचून बांधलेली नको.

गोळी_वेळेवर

एक राहिलं. ८४ किलोचे ७८-८० झाले तरी पुष्कळांना फरक पडतो, कारण पोटाचा घेर खालनं जठरावर दाबतो. जेवल्यावर रंकाळ्यावर सावकाश फिरणं ठीक, धावणं किंवा जोर-बैठका नकोत. व्यायाम जेवणाआधी.

गिळताना अडकणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखं काळं शौच, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, यातलं काही दिसलं तर पथ्याची वाट बघू नका, डॉक्टरांकडं जा. ते एंडोस्कोपी करायची का ते ठरवतील. हे काही नसलं तरी चार आठवडे नियमानं करून आठवड्यातनं दोनपेक्षा जास्त रात्री जळत असेल तरी दाखवा. आणि छातीत आवळल्यासारखं होऊन दम लागला, घाम फुटला, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत गेलं, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर छातीत फार न दुखताही झटका येऊ शकतो.

पळी_पातेलं

मटण कशाला बंद? चौघांना अर्धा किलो घ्या, दिसेल ती चरबी काढून टाकायला सांगा. तेल दोन टेबलस्पून, फोडणीपुरतं. सुकं खोबरं अर्ध्यावर आणा आणि तीळ-खसखस एकदम गाळा. रस्सा पातळ वाटला तर भाजलेल्या कांद्याचं वाटण वाढवा, कांदा शिजला-भाजला की कच्च्यासारखा बाधत नाही. कांदा-लसूण चटणी दोन सपाट चमचे, बाकी रंगासाठी ब्याडगी.

खरी युक्ती तर्रीची. रस्सा शनिवारी रात्रीच करून ठेवा. पातेलं गार करून फ्रीजमध्ये टाका. सकाळी वर लाल तेल आणि चरबी मिळून जाड पापुद्रा धरलेला असतो, तो कालथ्यानं अख्खा उचलता येतो. वेळ नसेल तर गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पळी आडवी धरून कडेकडनं काढा, मधनं काढायला गेलं की पुन्हा मिसळतं. मिसळीच्या कटालाही हाच नियम.

दुपारी एकच्या आत जेवण. एक वाटी तांबडा, चार-पाच तुकडे, दीड भाकरी. पांढरा त्याच दिवशी नको. महिनाभर रात्री जळजळ नसेल तर मग एखाद्या रविवारी अर्धी वाटी पांढरा देऊन बघा, आणि त्या रात्रीचं वहीत लिहून ठेवा: काय, किती, किती वाजता, झोप कधी, जाग आली का.

उचललेली तर्री टाकू नका. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, घरातल्या बाकीच्यांच्या वांग्याच्या भाजीला दोन दिवस फोडणी होते.