मदत हवी आहे : झिंक बाथमध्ये निकेल टाकावं का?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडी माल वितळलेल्या जस्तात, म्हणजे झिंक बाथमध्ये, बुडवून थर चढवण्याच्या) शॉपवर सुपरवायझर आहे. महिनाभरापासून एकाच पार्टीचे अँगल काळपट राखाडी, खरखरीत निघतायत. थर दीडशे मायक्रॉनच्या वर जातोय, कडांना ठोकलं की पापुद्रे सुटतात. त्याच बाथमधून, त्याच दिवशी निघालेला बाकीचा माल मात्र चकचकीत! तापमान ४५० अंश, पिकलिंग (आम्लाने गंज काढणं), फ्लक्स (जस्त नीट धरावं म्हणून आधी लावायचं रसायन), सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट मागवलं, तर सिलिकॉन ०.०८ टक्के. म्हणजे नेमकं सिलिकॉनच्या त्या पट्ट्यात, ज्याला सँडेलिनचा पट्टा म्हणतात आणि जिथे लोखंड-जस्ताच्या मिश्रधातूचा थर वाढतच राहतो.

०.०५ टक्क्यांच्या आसपास निकेल ठेवलं तर ही वाढ आवरते, हे माहीत आहे. पण निकेल जास्त झालं तर ड्रॉस (जस्तात तयार होणारा लोखंड-जस्ताचा गाळ) वाढतो, आणि आमच्या केटलच्या (जस्ताच्या टाकीच्या) तळाशी तो आधीच भरपूर साचलाय. सातपूर-सिन्नरकडे कुणी निकेल वापरतं का? कोणत्या रूपात घालता, पातळी किती दिवसांनी तपासता? जॉब लवकर बाहेर काढून पाहिला, फरक थोडाच पडला. पार्टी जुनी आहे, माल परत पाठवायचं जिवावर येतंय. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.