बीटच्या शेतातली थोरली मुलगी: 'कष्टाळू कुटुंब' म्हणून नुसतं कौतुक किती करायचं?

मृदुला_ग्रीली

ग्रीली, फोर्ट कॉलिन्स, स्टर्लिंग हा अमेरिकेतल्या उत्तर कोलोरॅडोचा पट्टा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा बीटच्या साखरेचा मुलूख. इथल्या जुन्या जर्मन घराण्यांबद्दल एकच गोष्ट सतत ऐकू येते: फार कष्टाळू लोक, रिकाम्या हातांनी आले आणि जमीनजुमला करून बसले. हे खरंच आहे. पण कष्ट कुणाचे, हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत असं की त्या जमिनीसाठी घरातल्या मुलींची, त्यातही थोरलीची, शाळा खर्ची पडली आणि तिच्या हाती मात्र फार थोडं लागलं.

हे लोक थेट जर्मनीतून आलेले नव्हते. रशियाच्या कॅथरीन राणीने १७६३ साली जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं. धर्माचं स्वातंत्र्य आणि सैन्यभरतीतून सूट दिली. त्यातून व्होल्गाकाठी जर्मन गावं वसली. १८७४ मध्ये ती सूट गेली आणि लोक अमेरिकेची वाट धरू लागले. बरेच जण नेब्रास्कातल्या लिंकन शहरात उतरले. साखर कंपन्या दर वसंतात तिथून कुटुंबंच्या कुटुंबं आगगाडीने बीटच्या शेतांवर आणत. करार बापाच्या नावाने आणि एकरावर. म्हणजे घरात जितके हात, तितके एकर.

काम काय होतं ते नीट बघा. तेव्हाच्या बीटच्या एका बीजगोळ्यातून एकाच जागी अनेक रोपं उगवायची. मोठी माणसं खुरप्याने ओळीत अंतर पाडून झुपके ठेवत पुढे जात. मागून मुलं गुडघ्यांना गोणपाट बांधून रांगत येत आणि प्रत्येक झुपक्यातलं एकच रोप ठेवून बाकीची उपटत. ओळ संपली की दुसरी ओळ. ऑक्टोबरात काढणी. तेव्हाच्या सुऱ्याच्या टोकाला आकडा असे. आकड्याने बीट उचलायचं, गुडघ्यावर टेकवायचं आणि घाव घालून पाला छाटायचा. आकडा चुकला की मांडीत. लुईस हाइन या छायाचित्रकाराने १९१५ साली याच भागात या मुलांचे फोटो काढले आहेत, जरूर पाहा. काढणी उरकेपर्यंत, म्हणजे पार नोव्हेंबरपर्यंत, बऱ्याच मुलांना शाळेचं तोंड दिसत नसे.

आई शेतात, मग तान्हं कुणी बघायचं? जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या बहिणीने. सरकारच्या चिल्ड्रन्स ब्युरोने १९२३ मध्ये कोलोरॅडो आणि मिशिगनच्या बीटशेतांवर अहवाल काढला, तो मुलांच्या मजुरीबरोबर आयांच्या कामावरही आहे, कारण ही दोन्ही ओझी एकमेकांत अडकलेली होती.

आणि जमीन? व्होल्गाकाठच्या गावांत ती पुरुषांच्या डोक्यांवर वाटली जाई. मुलगी झाली तर घराचा वाटा वाढत नसे. ही सवय समुद्र ओलांडताना गळून पडली असेल, असं मला वाटत नाही.

बांधावरून

मृदुलाताई, मी स्वतः शेती करतो, म्हणून जरा कडक लिहितो. भरल्या पोटी आपण त्या आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतोय. एकरी दर कंपनीचा. राहायला शेतावरची खोपटी. हातातोंडाची गाठ पडायची तर घरातल्या प्रत्येकाने वाकायलाच हवं होतं. पोरीची शाळा बुडाली, तशी पोराचीही बुडाली. आणि त्यातून खरंच वर आले ना ते! आधी मजूर, मग वाट्याने शेती, मग स्वतःची जमीन. हे सगळं दोन पिढ्यांच्या आत. खोपटीतून निघून स्वतःच्या घरात राहायला मिळालं, ते त्या मुलीलाही मिळालंच की.

दुसरं म्हणजे तुम्ही तिला नुसती राबणारी करून टाकलीत. याच लोकांची लग्नं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालत. डल्सिमर हे तारांचं वाद्य वाजे, सगळं गाव नाचे आणि नवरीबरोबर नाचणारा तिच्या कपड्यावर नोटा टाचे. तो पैसा नव्या संसाराचा. त्या मुलीला मैत्रिणी होत्या, चर्च होतं, आपली माणसं होती. तिच्या आयुष्याचा हिशेब एकट्या बीटच्या ओळीत मांडू नका.

पिंपळपान

माझ्या मते दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. त्या मुलीचं मोठं नुकसान शेतात झालं नाही, शाळेत झालं. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीशी लढत असताना, आयोवा राज्याच्या गव्हर्नरने हुकूम काढला की शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा करून आठवी पास होईपर्यंत परकी भाषा शिकवायला बंदी घातली. हॅम्प्टनजवळच्या चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्या, म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. तो वरच्या कोर्टापर्यंत लढला आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द केला. पण मधल्या वर्षांत जी मुलगी शाळेत होती तिचं काय? घरात प्रार्थना जर्मनमध्ये, आजी फक्त जर्मन बोलणारी. शेजारपाजारचे हिणवताना 'रशियन' म्हणायचे आणि युद्धात हीच माणसं शत्रू जर्मन ठरली. गुडघे सोलले तर भरून येतात. आपल्या घरात बोलतात ते लाजिरवाणं आहे, हे दहाव्या वर्षी मनात बसलं की जन्मभर निघत नाही.

नलिनी_बीड

मी ऊसतोडीच्या भागातली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. त्यामुळे 'करार बापाच्या नावाने' हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. साखर उसाची असो की बीटची, मुकादमाला आणि कारखान्याला अख्खं घर लागतं, पण वहीत नाव एकाचंच. बांधावरूनदादा, पोराचीही शाळा बुडाली हे मान्य. पण कोपीवर परत आल्यावर भाकरी कोण थापतं, ते तुम्हाला माहीत आहे.

बांधावरून

@नलिनीताई, ते नाकारत नाही. पण मग बोट कारखान्याकडे दाखवा. धाग्याचा रोख आईबापांवर आहे, माझा आक्षेप तेवढाच.

मृदुला_ग्रीली

रोख आईबापांवर नाहीच, मागाहून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवर आहे. कंपनीचा दोष शंभर टक्के. पण बांधावरूनजी, कायद्याचं काय झालं बघा. १९३४ आणि १९३७ च्या साखर कायद्यांनी सरकारी अनुदान घेणाऱ्यांच्या बीटशेतात १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी केली. सूट कुणाला? शेतमालकाच्या स्वतःच्या मुलांना. म्हणजे मजुराची मुलगी निदान कागदावर तरी सुटली, आणि बापाने घाम गाळून जमीन घेतली त्याची मुलगी अडकलेलीच राहिली. जमीन झाली की मुलगी सुटते, हे तुम्ही गृहीत धरताय, ते इथेच कोसळतं.

@पिंपळपान, भाषेची जखम मोठी होती, हे पटतं. पण शाळेत तिची भाषा हिसकावायला आधी ती शाळेत पोचायला हवी. जी मुलगी नोव्हेंबरात वर्गात येऊन वसंतात परत शेतावर जायची, तिला इंग्रजीही धड मिळालं नाही. ही दोन नुकसानं वेगळी काढता येत नाहीत.

पिंपळपान

हे मान्य. तरी क्रम लावायचा तर मी भाषाच वर ठेवेन. बीटचं काम वर्षातल्या काही महिन्यांचं, लाज बाराही महिन्यांची.

अनिकेत_कृषी

बियाण्याचा धागा पुढे नेतो. ओरेगॉनमध्ये १९४८ साली साविट्स्की या शास्त्रज्ञांना एका बीजातून एकच रोप देणारी बीटची झाडं सापडली आणि पन्नाशीच्या दशकाअखेर तसं बियाणं शेतात आलं. झुपकेच उगवेनात, तेव्हा रांगत विरळणी करायची गरज सरत गेली. कायद्याला जे जमलं नाही ते बियाण्याने केलं. म्हणून मला आईबाप की कंपनी हा वादच अपुरा वाटतो. पीकच असं होतं की त्याला लहान बोटं लागत.

मृदुला_ग्रीली

पिकाला लहान बोटं लागत नव्हती, स्वस्त बोटं लागत होती. मोठ्यांना पुरेसा दर दिला असता तर मोठ्यांनीही विरळणी केली असती. आणि तुमचं बियाणं येईपर्यंत ओळीत कोण होतं? विशीच्या दशकात कंपन्यांनी मेक्सिकन कुटुंबं आणली. तोवर जे जर्मन जमीनवाले झाले होते, त्यांच्यातल्या कित्येकांच्या शेतात आता मेक्सिकन मुली गुडघ्यांवर रांगत होत्या. बांधावरूनजी, ज्यांनी स्वतःच्या लेकीचे गुडघे पाहिले होते, त्यांनी तरी त्या मुलींना शाळेत जाऊ द्यायला हवं होतं की नाही? यावर तुमचं उत्तर मला हवंय.

बांधावरून

द्यायला हवं होतं. इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. पण त्यांच्या आईबापांबद्दल जे लिहिलं, त्यातला शब्दही मागे घेत नाही.